परवानगी येईपर्यंत राब भाजू नये

फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही! हे मी नम्रपणे सांगते आहे. जातपडताळणी, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, व्हिसा, एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. जव्हारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात तर एकदा माझाच फॉर्म नमुना म्हणून खिडकीवर चिकटवला होता. त्यामुळे स्कॉटलंडच्या विद्यापीठात मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा बाकीची परदेशी मुलं थंडीला घाबरत होती, इंग्रजीला घाबरत होती, फॉर्मांना तर फारच घाबरत होती. मी फक्त थंडीला घाबरले.

प्रबंधाचा विषयही मी हुशारीने निवडला. आमच्याकडे भात आणि नागलीची रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरतात, वर मातीचा थर देतात आणि उन्हाळ्यात ते सगळं भाजतात. याला राब म्हणतात. राब भाजल्याने मातीत नक्की काय बदलतं? भाजण्याआधी माती घ्यायची, भाजल्यावर त्याच जागेची माती घ्यायची, दोन्ही तपासायच्या. इतकं सोपं! आमचे प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, "रविना, एप्रिलमध्ये घरी जा आणि नमुने घेऊन ये."

फक्त एक अट होती. क्षेत्रभेटीच्या धोक्यांचा फॉर्म मंजूर होईपर्यंत चिमूटभरही माती उचलायची नाही. आधी घेतलेला नमुना बाद, नमुना बाद तर प्रबंध बाद, आणि प्रबंधाशिवाय पदवी नाही.

फॉर्म चौदा पानांचा होता. मला तो बघूनच आनंद झाला!

जामसरच्या अलीकडे आमचा पाडा आहे. घरी पोचले त्याच दिवशी ओट्यावर बसून मी फॉर्म भरला. अगदी खरा आणि सविस्तर.

'जागेवर आगीचा धोका आहे का?' होय.
'आग लागण्याची शक्यता किती?' शंभर टक्के.
'आग कोण लावतं?' माझ्या वडिलांची थोरली बहीण.
'तिचं प्रशिक्षण?' पन्नास वर्षांचा अनुभव.
'पूर्वी झालेल्या दुखापती?' एकदा तिची डावी भुवई. परत आली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकारी मॅडमनी एकोणीस शंका काढल्या होत्या. पहिली शंका अशी, की आग न लावता हा अभ्यास करता येणार नाही का?

बाबा गोठ्यातून डोकावले. "काय म्हणतं तुझं कॉलेज?"

"शंका आहेत त्यांच्या. राब थांबवा आठ दिवस."

"राब तयार हाय. पिशवी घे, माती भर, गप बस. कोण बघतंय?"

"बाबा, परवानगीआधी घेतलेली माती चालत नाही."

"माती तीच ना?"

"तीच."

"जागा तीच?"

"तीच."

"मंग?"

"तारीख वेगळी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते वैद्याने नाद सोडलेल्या बैलाकडे पाहतात. पण थांबले. पोरगी विलायतेत शिकते म्हटल्यावर थोडं सोसावंच लागतं!

मी एकोणीस उत्तरं पाठवली. त्यावर अकरा नव्या शंका आल्या. अग्निरक्षक कोण? मी बाबांचं नाव दिलं. जागेवर हजर राहणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती कुठे आहे? आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक देवराम गुरुजी उत्साहाने पुढे आले. मतदार यादी केल्यासारखे घरोघर फिरले आणि एका दुपारात तेवीस सह्या-अंगठे गोळा करून आले. धोक्याच्या वेळी माणसांनी कुठे जमायचं? मी लिहिलं, पाण्याच्या टाकीजवळ. टाकी चढावर आहे, तिथून राब स्पष्ट दिसतो आणि सगळ्या पाड्यात मोबाईलला रेंज तिथेच येते.

मे उजाडला. पाड्यातले बाकी सगळे राब भाजून झाले. फक्त आमचा पालापाचोळा तसाच पडून होता. येणारा-जाणारा चौकशी करू लागला.

माघ्या काका रोज सकाळी कुंपणाशी थांबायचे. "जिवा, तुझा राब काय पाहुण्याची वाट बघतं?"

"पोरीच्या मॅडमची," बाबा म्हणायचे.

"ती येते काय काडी लावायला?"

"ती फोनवरनं लावते."

सगळे हसायचे. मी लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसायचे.

शेवटी मॅडमचं पत्र आलं. सगळी कागदपत्रं उत्तम आहेत, आता फक्त एकच गोष्ट: आगीची रंगीत तालीम करायची आणि ती त्यांना व्हिडिओवर थेट दाखवायची. तालीम समाधानकारक झाली की परवानगी. त्यांच्याकडे दुपारी बारा, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेचार.

मी तालमीचा आराखडा काढला. आराखडा असा काढला, की मलाच माझा अभिमान वाटला! प्रत्येकाच्या हातात ओली डहाळी. राबाच्या चारी बाजूंनी पाण्याचे हंडे. कडेला ओली बारदानं. शिट्टी वाजली की सगळ्यांनी टाकीजवळ जमायचं, गुरुजींनी हजेरी घ्यायची. आग लावायची नाही, कारण ही तालीम आहे. हे गुरुजींनी सगळ्यांना टाकीजवळ बोलावून नीट समजावलं. जे आले होते त्यांना.

साडेचार वाजले. मी टाकीच्या कठड्यावर फोन धरून उभी. पडद्यावर मॅडम, समोर चहाचा मग.

"सुरू करू या," त्या म्हणाल्या.

मी शिट्टी फुंकली. माणसं अशी शिस्तीत चढ चढून आली, की मला भरून आलं. गुरुजींनी चष्मा लावला आणि वही उघडली.

"जिवा?"

"हजर."

"माघ्या?"

"हाय की हितंच!"

"हजर म्हण."

"दिसत नाय काय मी?"

हजेरी संपली. गुरुजींनी पुन्हा मोजलं. मग हळूच माझ्या कानाशी आले. "बाळ, बावीसच भरतात."

"सगळे आले का?" मॅडमनी विचारलं.

मी खोटं बोलत नाही. "एक व्यक्ती कमी आहे. माझी कोंडी आत्या."

"ती कुठे असू शकेल?"

उत्तर द्यायची गरजच पडली नाही. मॅडमच चहाचा मग खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या मागे तो धूर कसला?"

मी वळून पाहिलं. राबाच्या खालच्या कडेला आत्या वाकून उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात काडेपेटी. वाऱ्याच्या उलट्या अंगाने, जशी लावायची तशीच, अगदी पद्धतशीर काडी लावून ती शांतपणे दोन पावलं मागे सरकली.

"आत्याऽऽऽ!" मी ओरडले.

"आले, आले!" आत्या हात हलवून म्हणाली. "घाई करू नका, नीट लागलंय!"

मग जे झालं ते माझ्या आराखड्यात नव्हतं. धूर दिसल्याबरोबर जमलेली बावीस माणसं एका शब्दानेही कुणाला न विचारता खाली पळाली.

"जमण्याची जागा इथे आहे!" मी किंचाळत होते. "कुणी जागा सोडायची नाही! गुरुजी!"

गुरुजी वही काखेत मारून सगळ्यांच्या पुढे पळत होते.

बाबांनी बांध धरला, माघ्या काकांनी कुंपण. ठिणगी बाहेर पडली की तिच्यावर डहाळी पडत होती. कुणी बारदान आपटत होतं, कुणी हंडा ओतत होतं. ओरडा नाही, धावपळ नाही. आग राबाच्या चौकटीबाहेर वीतभरही गेली नाही. मी मात्र टाकीजवळ एकटी उभी होते, हातात फोन, गळ्यात शिट्टी. जमण्याच्या जागी जमलेली मी एकटीच!

माझी माती डोळ्यांदेखत भाजत होती. तीन आठवडे जिला बोट लावलं नाही ती माती!

"विलक्षण," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हे—"

"धूरसुद्धा किती खरा वाटतो! आमच्याकडे तालमीला लोक हात खिशात घालून उभे राहतात. आणि एक माणूस मुद्दाम हरवायची कल्पना फार छान होती. मी लगेच कळवते."

आणि फोन बंद झाला. वीस मिनिटांनी पत्र आलं. 'अभिनंदन! क्षेत्रभेट मंजूर. आजपासून आपण राब भाजण्याआधीचे नमुने घेऊ शकता.'

खाली राब सुरेख धुमसत होता.

मी प्राध्यापकांना सगळं खरं कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांना फार वाईट वाटलं, पण भाजण्याआधीच्या नमुन्याशिवाय प्रबंध होत नाही. नमुने पुढच्या उन्हाळ्यात घ्यावेत, पदवी एक वर्ष पुढे जाईल. शिवाय सुरक्षा विभागाने माझ्या तालमीचा व्हिडिओ नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला मागितला आहे, तर माझी हरकत आहे का?

संध्याकाळी आत्या ओट्यावर येऊन बसली. तिला वाटत होतं मी खूश असेन.

"मस्त भाजलं," ती म्हणाली. "रोपं अशी येतील की बघत राहशील."

"आत्या, तू काडी का लावलीस गं? माझं एक वर्ष गेलं!"

आत्या चक्रावली. "माणसं जमली. हातात डहाळ्या. पाणी भरलेलं. वारं बेताचं. मंग राब भाजत नाय तर काय करतात? दर साली मीच लावते ना पहिली काडी?"

"पण ती तालीम होती! गुरुजींनी सांगितलं ना टाकीपाशी?"

"टाकीवर चढवतं कोणाला? गुडघे बघ माझे."

"अगं, पण तू कागदावर अंगठा दिलास! त्यात स्पष्ट लिहिलं होतं, परवानगी येईपर्यंत राब भाजू नये!"

"गुरुजी आले, अंगठा दे बोलले, दिला." आत्याने मिश्रीचं बोट दातावरून फिरवलं. "मला वाटलं रेशनचं असेल."

मी लॅपटॉप मिटला.

"तुला माती पायजे होती तर मला बोलायचं, बाय. एक पाटी काढून ठेवली असती. त्या मॅडमला किती कागद पाठवलेस?"

मी मोजले होते. "बेचाळीस."

"आणि काडी कोण लावतं, हे ठाऊक होतं तुला?"

ठाऊक होतं. पान तीन, प्रश्न सात. सुवाच्य अक्षरात.