उजव्या अंगठ्यातील कुसळाचा शैक्षणिक उपयोग

पुस्तकांच्या जुन्या फळीवरून हात फिरवताना माझ्या उजव्या अंगठ्यात कुसळ गेले. हा अंगठा मी पाने उलटण्यासाठी वापरतो. दुसरे काही काम त्याला नाही, आणि निवृत्तीनंतर मलाही नाही. वाचन एकशेबाराव्या पानावर अडल्यामुळे मी आरोग्य केंद्रात गेलो.

सिस्टरांनी चिमटा उचलला, तोच परदेशी सेवापथकाचे समन्वयक धावत आले.

"थांबा! परदेशातून अठरा विद्यार्थी सेवा करायला आलेत आणि आज रुग्ण हा एकच. असा एका मिनिटात उरकून टाकाल?"

सिस्टरांनी चिमटा ठेवला. पथक आल्यापासून त्यांच्याकडे फक्त चहाचा विभाग होता.

नियमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याने कुसळ स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक होते. काढायचे ते शेवटच्या दिवशी, फोटोसाठी. पहिल्याने बॅटरी मारली. दुसरीने दुभाष्यामार्फत विचारले, दुखणे दहापैकी किती? मी भिडेखातर सात सांगितले. तिसऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसले. सेवेच्या तासांच्या हिशेबात सहवेदनेचे दोन तास धरले जातात. रोज तिघेचौघे पाहून जात. पाचव्या दिवशी अंगठा टम्म फुगला.

"प्रगती उत्तम आहे," समन्वयक म्हणाले.

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, अंगठा आहे की शाळेचा फळा? आणा इकडे!" सुई तापवून तिने अर्ध्या मिनिटात कुसळ बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात एकच हलकल्लोळ.

"तुम्ही परस्पर बरे झालात?" समन्वयकांनी विचारले.

"बायकोने... म्हणजे, माझंच चुकलं."

"त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे?"

"या पोरांकडे तरी कुठंय?" चहा गाळता गाळता सिस्टर म्हणाल्या.

"अहो, ते मिळावं म्हणून तर आलेत ना!"

अठरावी मुलगी कोपऱ्यात उभी होती. सात समुद्र ओलांडून आली आणि तिच्याच वाट्याला कुसळ नाही. तिचे डोळे भरून आले. पण ते स्वतःसाठी असल्याने तास धरता येईनात. मला फार अपराधी वाटले. आजवर मी कुणाच्या उपयोगी पडल्याचे मला तरी आठवत नाही. घरी जाऊन त्याच फळीवर मी डावा अंगठा जोरात घासला.

"नोकरीच लागली म्हणायची तुम्हाला," बायको म्हणाली. या खेपेला तिने सुई काढली नाही.

मुलीने बॅटरी मारली, डोळे पुसले, फोटो काढून घेतला. कुसळ तेवढे राहिले. विमानाची वेळ झाली होती. पुढचे पथक येईपर्यंत ते जपून ठेवावे, अशी मला लेखी सूचना आहे.

वाचकहो, इतका वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिलात, आभारी आहे. कणव वाटली असल्यास केंद्रात नाव नोंदवा, दोन तास धरले जातील. चिमटा तिथेच टेबलावर आहे. त्याला हात लावायची गरज नाही.