परत आणणे

मी सिल्वासाला राहायला आलो त्या दिवशी माझा फ्रिज जिन्याच्या वळणावर अडकला होता. चार हमाल, मी आणि फ्रिज असे आम्ही सहा जण एकमेकांना मिठी मारून उभे होतो. धुळीनं मला सणसणीत शिंक आली. त्याबरोबर वरचं एक दार उघडलं आणि फ्रिजच्या डोक्यावरून एक सुकलेला हात माझ्यापुढं आला. हातात स्टीलची इवलीशी डबी.

"सुंठ आणि गूळ. वाटाण्याएवढी गोळी, सकाळ-संध्याकाळ. डबी तीन दिवसांनी."

दार बंद. चेहरा दिसलाच नाही. डबीच्या झाकणावर भांड्यांवर घालतात तसं नाव घातलं होतं : 'वि. ग. साळवी. परत आणणे.'

साळवीकाका कोकणातून इथल्या बांधकाम खात्यात नकाशे काढायला आले. लग्न करायचं राहून गेलं, निवृत्ती मात्र वेळेवर झाली. सामरवरणीच्या रस्त्यावर आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा पहिला बिऱ्हाडकरू तेच. त्यांच्याकडे 'परत आणणे'च्या चाळीस डब्या होत्या.

काकांचं वैद्यक मिसळणाच्या डब्यात मावत असे. सात वाट्या : मोहरी, जिरं, हळद, हिंग, मेथी, ओवा, सुंठ. तिखटाला त्यांनी डब्यातून हद्दपार केलं होतं. "ते औषध नव्हे, गुन्हेगार आहे!" या सात वाट्यांत जे बसत नाही तो 'आठव्या वाटीचा आजार'. ताप दोन दिवस टिकला किंवा छातीत दुखलं की काका हात झटकत. "आठवी वाटी! दवाखाना गाठा, माझ्या दारात वेळ घालवू नका."

ते नाडी बघत नसत, जीभ बघत नसत. एकच प्रश्न विचारत : "काल फोडणी कशाची होती?"

तळमजल्यावरचे पाटील धुळ्याकडचे, नरोलीला धाग्याच्या कारखान्यात. एका सकाळी ते पोट धरून वर आले.

"काका, पोट भलतं दुखी राह्यनं."

"काल फोडणी कशाची?"

"शेवभाजी व्हती. काळा मसाला."

"किती?"

पाटलांनी ओंजळ दाखवली. काकांनी डोळे मिटले. "पाटील, त्या ओंजळीपुढं माझा चिमूटभर ओवा म्हणजे हत्तीपुढं होमगार्ड. तरी देतो. सैंधव घातलंय, कोमट पाण्याबरोबर घ्या."

समोरच्या जिग्नाबेन डाळीत गूळ घालतात हे कळल्यावर काकांनी जिऱ्याच्या वतीनं निषेध नोंदवला होता. "बेन, एवढा गूळ घालायचा तर त्या जिऱ्याला आत कशाला बोलावता?" जिग्नाबेन खो खो हसल्या आणि तेवढाच गूळ घालत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी डबी आली नाही की काका जिन्यात उभे राहून पुकारा करत. "पहिला मजला! पोट थांबलं, पण डबी का थांबली?" मग गृहिणींची धावपळ. कारण डबी रिकामी कशी द्यायची? ती धुऊन, पुसून, तिच्यात काहीतरी घालून द्यायची, आणि त्या इवल्याशा डबीत काही मावत नाही म्हणून सोबत एक मोठा डबा. पाटीलवहिनींची कळण्याची भाकरी आणि ठेचा जाई, जिग्नाबेनचा हांडवो जाई, आमच्याकडून चिवडा. काका "अहो, कशाला हे!" म्हणत आणि दार फार चपळाईनं लावून घेत. ठेच्यातल्या त्या गुन्हेगाराबद्दल कधी तक्रार आली नाही.

मग मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि मला कर्तृत्व सुचलं. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं जिन्यात ओरडायचं, डब्या मोजायच्या, लोकांनी तीन-तीन दिवस लक्षात ठेवायचं, काय हे! मी कागदी पुड्यांचा गठ्ठा आणला, प्रत्येकीवर 'साळवीकाकांचे औषध' असा शिक्का मारला आणि तो गठ्ठा सभेत काकांच्या हाती दिला. "काका, आता परत आणायची भानगडच नाही!" टाळ्या पडल्या.

काकांनी एक पुडी उलटीसुलटी करून पाहिली. "सोय झाली," म्हणाले.

दोन महिने सोसायटी पुड्या खाऊन बरी होत राहिली. जिना शांत झाला. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका कागदावर सही घ्यायला मी काकांकडे गेलो. ओट्यावर चाळीसही डब्या घासून, पुसून, उपड्या मांडलेल्या. सगळ्या घरी परतलेल्या. गॅसवर एका पातेल्यात भात. बाकी काही नाही. साऱ्या सोसायटीला फोडणीवरून ओळखणाऱ्या माणसाच्या घराला कसलाच वास नव्हता.

सूड उगवायची संधी मी कशी सोडेन? कंबरेवर हात ठेवून त्यांच्याच सुरात विचारलं, "काका, आज फोडणी कशाची?"

ते सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "एकट्यासाठी कोण फोडणी करतं?"

तक्रार नव्हती. नकाशावर मोजमाप लिहावं तसं बोलले.

मी कागद घेतला. मग मला खोकला आला. म्हणजे मी आणला. चांगला दोन्ही हातांनी छाती धरून, भिंतीला टेकून, पडदा पडेपर्यंत चालेल असा.

काकांनी चष्म्यावरून शेवटपर्यंत पाहिलं.

"शाळेत नाटकात होतात?"

"हो."

"मागच्या रांगेत असाल." ते ओट्याकडे वळले. पाठ माझ्याकडे, डब्यांची किणकिण. एक डबी माझ्या तळहातावर आली. "आठव्या वाटीचा आहे. तरी देतो. डबी तीन दिवसांनी."

घरी येऊन मी डबी बायकोपुढं ठेवली आणि घडलेलं सांगितलं. तिनं झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. सुंठ नाही, ओवा नाही, कोरडी स्वच्छ डबी.

"विसरले वाटतं घालायला," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं.

"तीन दिवस कशाला थांबायचं?" ती म्हणाली, आणि कढईत तेल ओतून मोहरीच्या वाटीकडे हात नेला.