शंकरभाऊंचा गरीब साबण

साबण घेताना लोक वास घेऊन बघतात. शंकरभाऊ साबण जिभेला लावून बघत. दुकानदार तोंड वाकडं करी. भाऊ मात्र डोळे मिटून क्षणभर थांबत आणि निकाल देत, "तापट हाय हा. न्हाय चालणार."

हा साबण त्यांना अंगाला लावायचा नसे. एनिम्याला हवा असे.

अलिबागच्या एका दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढून ते नागावला परतले होते आणि मी शिकवत असे त्या शाळेमागच्या वाडीत एकटेच राहत. कपडे धुण्याचा बार त्यांच्या लेखी तापट, गुलाबी वडी नखरेल. "तिथं वास कुणाला घ्यायचाय, मास्तर?" असं ते मला भर रस्त्यात विचारत. सोबत हेडमास्तरांच्या सौभाग्यवती असल्या तरी विचारत. त्यामुळे ते समोरून येताना दिसले की मी एखाद्या माडाच्या आड होत असे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. त्या श्रावणात मी विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. खाटेवर उताणं पडून राहायचं. घरात मी एकटाच, म्हणून शेजारणी मायेने पिठलं-भात आणत. आत जाणारं सगळं जात होतं, बाहेर मात्र काहीच येत नव्हतं. सहाव्या दिवशी पोटाचा नगारा झाला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "घाबरू नका. साबणाच्या पाण्याचा एनिमा घ्या. मी शंकरभाऊंना सांगून जातो."

मी डोळे मिटून घेतले.

अर्ध्या तासात भाऊ हजर. हातात इनॅमलचं भांडं, लाल रबरी नळी आणि फडक्यात बांधलेले तीन साबण. सोनाराने दागिने मांडावे तसे ते त्यांनी माझ्या उशाशी मांडले.

"लावा जिभेला."

"मी?"

"मग? पोट कुणाचं हाय?"

पहिल्याने जीभ चरचरली. दुसऱ्याने तोंडभर गुलाब पसरला आणि मागोमाग आग. तिसरा पांढरा, खोबरेल तेलाचा. तो नुसताच बुळबुळीत लागला.

"हा गरीब," भाऊ खूश झाले. "आतली कातडी तान्ह्या पोराच्या गालासारखी. तिला गरीबच पायजे."

त्यांनी चिमूटभर कीस कोमट पाण्यात विरघळवला, फेस काढून टाकला, कोपर बुडवून पाणी पाहिलं. "जरा दुधट दिसलं की पुरे. जास्त साबण घालतो तो गाढव." मला कुशीवर वळवताना प्लास्टरचा पाय त्यांनी उशीवर अलगद ठेवला. मग "दुखतंय?", "झोंबतंय?", "थांबू?" असं इतक्यांदा विचारलं, की लाजायला मला सवडच मिळाली नाही.

पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की घटकाभराने मला सहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली आणि मी खाटेवर पडल्या पडल्या हसत सुटलो. भाऊही हसले. भांडं घासून, उपडं घालून ते माझ्या पायाशी स्टुलावर बसले.

"भाऊ, एवढं जपून कोण करतं हो?"

ते नळी पुसत राहिले. "आमची मंडळी दोन वर्षं अंथरुणाला होती. पयल्या दिवशी घाईत मी धुण्याच्या बाराचं पाणी दिलं. कंपाउंडर ना मी! ती काय बोलली न्हाय. दिवसभर माझा हात घट्ट धरून पडली. संध्याकाळी उमगलं मला. मग बाजारातला एकेक साबण चाखत सुटलो. पुढं कधी झोंबला न्हाय तिला."

पाऊस उघडला होता. भाऊ उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

"आता पोट मोकळं झालं तुमचं," ते म्हणाले. "म्हंजे उद्या काय काम न्हाय माझं."

"काम नसलं तरी या. चहाला या."

"तुम्ही खाटेवर. चहा करणार कोण?"

मी प्लास्टरच्या पायाकडे पाहिलं.

"मीच करून आणतो," ते घाईघाईने म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत पायऱ्या उतरून गेलेसुद्धा.