शेवट आधीच सांगणारे हरकरेकाका

खून कोणी केला, हे हरकरेकाका सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकायचे. तेही घरच्या दिवाणावर बसून नव्हे, टीव्हीवर, हात जोडून, अख्ख्या गावासमोर. "नमस्कार रसिकहो. आजच्या चित्रपटात खून मुनीमजींनी केलेला आहे. सुरा गोदामात गव्हाच्या पोत्यामागे आहे. नायिकेवर उगीच संशय घेऊ नये. सांगून टाकलेलं बरं. आता निवांत पाहा."

आणि सिनेमा सुरू. घराघरांतून काकांच्या नावानं बोटं मोडली जायची, पण टीव्ही कोणी बंद करायचं नाही.

आमच्या भागातल्या केबलवाल्याचं एक लोकल चॅनेल आहे. आठवडाभर त्यावर साड्यांचे सेल, कोचिंग क्लास आणि कोणाच्या तरी चिंटूला वाढदिवसाच्या शुभेच्छा. रविवारी दुपारी मात्र जुना ब्लॅक अँड व्हाईट सिनेमा, आणि त्याआधी, मध्ये आणि नंतर हरकरेकाका. तुम्ही म्हणाल, आता मोबाईलवर सगळे सिनेमे मिळतात. मिळतात ना. पण मोबाईलवर हरकरेकाका मिळत नाहीत.

मी त्यांच्या शेजारची. त्यांच्या घरापासून तिसरं घर आमचं. आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्याच रीतीनं लिहिलं पाहिजे, म्हणून या गोष्टीचा शेवट मीही आधीच सांगून टाकते. काकांचा कार्यक्रम बंद पडला. आणि माझी आत्या दवाखान्यातून ठणठणीत घरी आली. आता निवांत वाचा.

टीव्हीवरचे काका आणि गल्लीतले काका ही दोन वेगळी माणसं होती. टीव्हीवर त्यांची मराठी खळ घातलेल्या धोतरासारखी कडक. गल्लीत भेटले की "काहून वं, आत्याबाईचं जेवण झालं काय?" टीव्हीवर अंगात कॉफी रंगाचा कोट, जरीपटका भागातल्या बाजारात तासभर घासाघीस करून घेतलेला. स्टुडिओ म्हणजे केबलच्या ऑफिसवरची एक खोली. तिथं कूलर होता, पण काका बोलायला लागले की त्याचा आवाज नको म्हणून तो बंद करायचे. मे महिन्यातलं नागपूर, बंद खोली, अंगात कोट. काकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या आणि गालावरून खाली यायच्या. गावातल्या निम्म्या बायकांची समजूत होती की ते दर रविवारी नायिकेसाठी रडतात. मी त्यांना एकदा हे सांगितलं, तर म्हणाले, "समजू दे ना. आपलं काय जाते?"

शेवट आधी सांगायची खोड फक्त सिनेमापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. पण लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या काका दोन्हीकडच्या माणसांना सांगणार, "शेवटी संत्रा बर्फी आहे, पुऱ्या बेतानं खा." माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला चकित करायचं ठरवलं. दिवे मालवून मंडळी आत लपवली. मी फाटकाशी आले तर काका उभे. "आत माणसं लपून बसली आहेत वं, दचकू नको. केक पायनॅपलचा आहे. सांगून टाकलेलं बरं." आमचे हे त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

पण खरं सांगते, सिनेमा कसा पाहायचा ते मला या माणसानं शिकवलं. शेवट माहीत असला की आपण 'पुढं काय' करत धावत नाही, माणसांकडे पाहतो. हा शेवटी मरणार हे ठाऊक असलं, की पहिल्या प्रसंगात तो आरशासमोर भांग पाडतो तेही आपण डोळे भरून पाहतो. काका मध्येच येऊन सांगायचे, "त्या खिडकीचा पडदा हलताना पाहिलात? कोणीतरी बाजूला पंखा घेऊन उभं असणार. त्या माणसाचं नाव पडद्यावरच्या नावांत नाही. त्यालाही आपला नमस्कार." आणि खरंच नमस्कार करायचे. मला आज त्या सिनेमांची नावं आठवत नाहीत. शेवट मात्र एकूणएक पाठ आहेत.

त्यांची सगळ्यात कट्टर प्रेक्षक माझी आत्या. आत्या आमच्याकडेच असते. तेव्हा खुब्याचं हाड मोडल्यामुळे ती समोरच्या खोलीत पलंगावर असायची, टीव्हीकडे तोंड करून. काकांचं नाव तिनं 'भोंगा' ठेवलं होतं. दर रविवारी काकांनी शेवट फोडला की आत्या म्हणायची, "मेल्या भोंग्यानं सांगून टाकलं." आणि उशी पाठीला लावून पुढचे तीन तास हलायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी काका आमच्याकडे आले ते चेहरा पाडूनच. केबलचा मालक गुड्डू त्यांना बोलला होता. लोकांना शेवट कळला की ते मध्यंतराआधीच लवंडतात, मग जाहिराती पाहतं कोण? साडीवाला स्पॉन्सर भडकला होता. गुड्डूनं सरळ सांगितलं, "अंकल, एन्डिंग मत बताया करो. आज बताया तो प्रोग्राम बंद." शिवाय सिनेमा संपल्यावर काकांनी लाईव्ह येऊन साडीच्या लकी ड्रॉचं नाव वाचायचं होतं.

काकांनी चहा घेतला नाही. कप हातात धरून बसून राहिले. घरी एकटा माणूस. पोरबाळ नाही, बायको जाऊन वर्षं झाली. कचेरीतून निवृत्त झाल्यावर सोमवार ते शनिवार रविवारची तयारी करायची, हेच त्यांचं आयुष्य. ते म्हणाले, "प्रोग्राम गेला तर मी रविवारी काय करू वं?"

उत्तर आत्यानं दिलं. तिचं दुसऱ्या दिवशी सकाळी खुब्याचं ऑपरेशन होतं. शनिवारची रात्रभर ती झोपली नव्हती. या वयात आत गेलेलं माणूस बाहेर येतंच असं नाही, हे तिनं मला दोनदा ऐकवलं होतं, आणि ती घाबरली होती. पण काकांना म्हणाली, "आज तोंड बंद ठेवा, हरकरे. मलेही एकदा पाहू द्या, शेवट माहीत नसला तं कसं वाटते."

काकांनी कबूल केलं.

दुपारी कोट घालून ते टीव्हीवर आले. "आजच्या चित्रपटात एका आईचा मुलगा जत्रेत हरवतो. पुढे आई एका स्टेशनवर चहा विकते. मुलगा मोठा होऊन त्याच स्टेशनवर कामाला लागतो. रोज तिच्याच हातचा चहा पितो. दोघांनाही पत्ता नाही. आणि शेवटी…" इथं काका थांबले. तोंड उघडं. घाम गालावरून हनुवटीपर्यंत आला. मी इकडे पदर मुठीत धरलेला. "शेवटी काय होतं, ते शेवटी पाहा," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

आत्या खूश. पण सिनेमा पुढं सरकला तशी तिची खुशी गेली. "भेटते का वं ते पोरगं तिले?" हे ती मला सारखं विचारायला लागली. मला कुठं ठाऊक? आई आजारी पडली, चहाच्या टपरीवर दुसरीच बाई आली, आणि नेमकं तेव्हाच बाहेर वावटळ उठली, कुठंतरी फांदी तारांवर पडली आणि आमच्या अख्ख्या गल्लीतली लाईट गेली.

आत्यानं असा काही आकांत मांडला की विचारू नका. "आता उद्या मी तशीच जाऊ का आत? अर्ध्यावरच?" मी स्टुडिओला फोन लावला. काकांनीच उचलला. म्हटलं, "काका, इथं लाईट गेली. आत्याचा जीव खालीवर होतोय. मला शेवट सांगा, मी तिला सांगते."

ते म्हणाले, "तू नको सांगू. मी येतो." आणि फोन ठेवला.

नंतर गावानं पाहिलं ते असं. सिनेमा संपला, पडद्यावर रिकामी खुर्ची आली. खुर्चीच्या पाठीवर कॉफी रंगाचा कोट. लकी ड्रॉचा डबा टेबलावर, आणि माणूस नाही. शेवटी गुड्डूनंच हाफ पँटवर येऊन नाव वाचलं.

हरकरेकाका तोवर स्कूटरवर होते. आले ते डोळ्यांत, केसांत धूळ घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसले आणि हातवारे करून सांगायला लागले. "पोरगं स्टेशनवर येते. चहा घेते. एक घोट पिऊन गिलास खाली ठेवते. म्हणते, हा तिच्या हातचा नाही. ती कुठं राहते? शोधत शोधत तिच्या खोलीवर जाते. ती तापात पडली आहे. आणि खुंटीवर त्याचं लहानपणचं टोपडं." आत्या रडली, मी रडले. डोळे पुसून झाल्यावर आत्या त्यांच्यावरच उखडली, की हे दुपारीच सांगितलं असतं तर इतका ताप झाला असता का?

काका हसले नाहीत. ते म्हणाले, "मी पहिले असा नव्हतो, आत्याबाई. शेवट सांगणं म्हणजे पाप, असं म्हणणारा माणूस होतो."

मग जे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं ते त्यांनी सांगितलं. लग्नानंतर त्यांची पद्धत अशी होती की नवा सिनेमा आधी आपण एकट्यानं पाहायचा, आणि चांगला असला तरच बायकोला, कुमुदकाकूंना, दाखवायला न्यायचं. असाच एक सिनेमा त्यांनी काकूंना बर्डी भागातल्या टॉकीजमध्ये दाखवायला नेला. नायक घर सोडून निघून जातो आणि मध्यंतर होतं. त्या मध्यंतरातच काकूंच्या छातीत कळ आली. काकांनी रिक्षा केली. रिक्षात काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून विचारलं, "तो परत येते का वो तिच्याकडे?"

"आणि मी काय म्हणलो, तर असं सांगतलं की मजा जाते. बरी हो, मंगळवारी पुन्हा येऊ." काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "एका शब्दाचं उत्तर होतं, आत्याबाई. ती घरी आलीच नाही."

पंखा बंद, उकाडा मरणाचा. मग आत्यानं हात लांब करून त्यांच्या मनगटावर ठेवला. म्हणाली, "मंग मले सांगा. येते का तो?"

तो सिनेमा काकांनी टीव्हीवर कधीच दाखवला नव्हता. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "येते. सकाळची वेळ आहे. ती दारात रांगोळी काढून राहिली. मान खालीच. रांगोळीच्या कडेला दोन पाय येऊन थांबतात. तिले पाय ओळखू येतात."

"रांगोळी पुसत तं नाही ना तो?"

"नाही. तिची पुरी होईपर्यंत बाहेरच उभा राहते."

"मंग चांगला आहे शेवट," आत्या म्हणाली. त्या संध्याकाळी ती लवकर झोपली.

काका कोट आणायला परत गेले, तेव्हा गुड्डूनं कार्यक्रम बंद झाल्याचं सांगितलं. वाईट बोलला नाही तो, पण बंद म्हणजे बंद.

सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो तर हरकरेकाका आधीच हजर. अंगात कोट, केस चापून बसवलेले. आत्याला स्ट्रेचरवरून ऑपरेशन थिएटरकडे नेत होते. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. दाराशी काका पुढे झाले, वॉर्डबॉयला थांबवलं, आणि टीव्हीवर जोडायचे तसे हात जोडले.

"नमस्कार, आत्याबाई. आजच्या चित्रपटात तुम्ही घरी येता. ऊन उतरल्यावर रिक्षातून उतरता. वॉकर धरून ओटा चढता. मी फाटकाशी उभा असतो, आणि तुमच्या तोंडचं पहिलं वाक्य म्हणजे मला दिलेली शिवी असते. सांगून टाकलेलं बरं. आता निवांत आत जा."

आत्यानं माझा हात सोडला. "मेल्या भोंग्यानं सांगून टाकलं," ती म्हणाली, आणि हसतच आत गेली.

दार लागलं तरी काकांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. त्यांच्या गालावरून धारा वाहत होत्या, हनुवटीवरून कोटावर पडत होत्या. त्या कॉरिडॉरमध्ये एसी चालू होता. मी शाल गुंडाळून बसले होते.