टेंभेकरांचा भोंगा

आख्खं जबलपूर ज्याच्या भरवशावर घड्याळं लावत होतं, त्या माणसाकडे घड्याळ नव्हतं.

आख्खं म्हणजे अगदीच आख्खं नाही. सिविल लाइंसमधल्या बंगल्यांत रेडिओ होते, त्यांचं त्यांना ठाऊक. पण आम्ही गोरखपूरवाले, घमापूरवाले, रांझीवाले, आमचा दिवस फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचा. सातच्या भोंग्याला चूल, साडेसातच्या भोंग्याला डबा, आठच्या भोंग्याला फाटक. आणि हा भोंगा वाजवायचे आमच्या समोरच्या माडीवर एकटे राहणारे सदाशिव टेंभेकर. फॅक्टरीत त्यांना ‘भोंपू पंडितजी’ म्हणत. गल्लीत आम्ही ‘काका’ म्हणत असू.

गल्लीच्या तोंडाशी रामसजीवनचं सलून होतं. काका जाता-येता त्याला वेळ विचारत.

“क्यों भैया, कितने बजे?”

रामसजीवन वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी थांबवून म्हणे, “पंडितजी, घड़ी तो हम आपके भोंपू से मिलाते हैं।”

“अच्छा! म्हणजे बरोबर असेल,” असं म्हणून काका समाधानानं पुढं जात.

त्यांना घड्याळाची गरजच नव्हती. बॉयलरच्या डोक्यावर लोखंडी जिन्यानं चढून गेलं की एक खोली, खोलीत एक टेलिफोन, एक खिडकी आणि वाफेच्या नळाला लावलेली साखळी. टाइम ऑफिसातून टेलिफोन यायचा, “मारो!” की काकांनी साखळी ओढायची. अर्धा मिनिट धरायची आणि सोडायची. तेवढं काम. बाकी घाई करण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ती केली नसती. “घाई काहून?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते प्रश्नासारखं दिसत असलं तरी त्याला उत्तर द्यायचं नसे.

काका रस्त्यानं चालताना कोणाच्याही पुढं जात नसत. पुढचा माणूस म्हातारा असो, लंगडा असो, उसाची मोळी घेतलेली बाई असो, काका तिच्या मागं, तिच्या चालीनं. मी एकदा कारण विचारलं.

“अरे बाप्पा, आपण पुढं गेलो की त्याला वाटते, आपण मागं राहिलो. सकाळी सकाळी कोणाला असं काहून वाटू द्यायचं?”

या तत्त्वापायी ते एकदा कोथिंबीर आणायला म्हणून घराबाहेर पडले आणि एका प्रेतयात्रेच्या मागं सापडले. पुढं जाणं शक्यच नव्हतं. ते ग्वारीघाटापर्यंत गेले, नर्मदेत आंघोळ केली आणि दुपारी ओल्या धोतरानं, कोथिंबिरीशिवाय परत आले. माझी आई दारातच उभी होती.

“कोण गेलं हो, टेंभेकर?”

“ते नाही विचारलं.”

“अहो, घाटापर्यंत गेलात आणि नाव नाही विचारलं?”

“सगळे रडून राहिले होते, वहिनी. मध्येच कुठं विचारता?” मग जिना चढता चढता ते म्हणाले, “माणसं चारच होती. मी पाचवा झालो.”

भाजीबाजारात त्यांचं असंच. दिवेलागणीला जायचे आणि एखाद्या म्हाताऱ्या भाजीवालीकडं उरलेली सगळ्यात वाईट दोन वांगी उचलायचे. ती वांगी संपली म्हणजे तिला टोपली उचलून घरी जाता येत असे. आमची आई म्हणायची, “या माणसानं जन्मात एक धड वांगं खाल्लं नसेल.” आईची ही माहिती बरोबर होती.

आणि चहा. शिफ्ट सुटून घरी आले की काका गॅलरीत चटई टाकून बसायचे. समोर चहाची किटली आणि दोन कप. एक त्यांचा. दुसरा बशीत उपडा ठेवलेला. त्यांचा एक कप चहा पाऊण तास चाले. घोटभर प्यायचा, मग रस्त्याकडं पाहायचं, मग कपाकडं, मग पुन्हा रस्त्याकडं. त्या उपड्या कपावरून गल्लीत दोन पक्ष होते. आई म्हणे, तो बायकोचा. पण काकांचं लग्नच झालं नव्हतं. रामसजीवनच्या मते तो पितरांचा होता. मी खालून गेलो की काका वरून हाक मारायचे, “ये ना वर, चहा घे.” मी म्हणायचो, “येतो काका, नंतर.” पाऊण तास कोणाकडं होता? मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मला कुठं जायचं आहे हे नक्की नव्हतं, पण लवकर जायचं होतं.

आता भोंग्याची खरी गोष्ट सांगतो. फॅक्टरीचा नियम असा होता, की आठचा भोंगा वाजतोय तोवर फाटक उघडं. भोंगा थांबला की दरबान ठाकूर फाटक लावी, आणि मग प्रत्यक्ष त्याचा सासरा आला तरी त्याच्या नावापुढं लाल शेरा पडे. (एकदा आला होता. पडला.) पण खिडकीतून काकांना रस्ता दिसायचा. नाल्यावरच्या छोट्या पुलापासून, म्हणजे पुलियापासून फाटकापर्यंत सरळ, दोन फर्लांगांचा. आणि त्या रस्त्यावर कोणी सायकल हाणत येताना दिसलं की काकांच्या हातून साखळी सुटतच नसे. अर्ध्या मिनिटाचा भोंगा चाळीस सेकंद चाले, पन्नास चाले. ठाकूर फाटकाला हात लावून कपाळाला आठ्या घालत उभा असे. तो माणूस आत पडला की भोंगा थांबे.

हे कोणी कोणाला बोलत नसे. पण फॅक्टरीतल्या प्रत्येक उशिरा येणाऱ्या माणसाला मनातून खात्री होती, की भोंगा ताणतात तो खास आपल्यासाठी. मला तर होतीच. मी त्यांचा शेजारी.

मग एकाहत्तरची लढाई आली. फॅक्टरी लष्करी मालाची, तिथं दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या, काचांना खाकी कागद लागले, मैदानात, शाळेत, ऑफिसच्या बागेत खंदक खणले गेले. मला नोकरी लागली ती याच धांदलीत. कच्ची नोकरी, तीन लाल शेरे झाले की घरी. आईनं नोकरीचा कागद देवापुढं ठेवला होता आणि मी दोन आठवड्यांत दोन शेरे मिळवले होते. (दोन्ही वेळा भोंगा झाला तेव्हा मी पुलियापर्यंतही पोचलो नव्हतो.)

आमच्या भागात हवाई हल्ल्याचा इशाराही काकांच्याच भोंग्यानं द्यायचा ठरलं. आवाज वर-खाली, वर-खाली झाला तर धोका, खंदकात उडी मारायची. एकसुरी दोन मिनिटं वाजला तर धोका टळला, बाहेर यायचं. आणि पाळीचा भोंगा मात्र बरोबर तीस सेकंद, एकही जास्त नाही. त्यासाठी सिक्युरिटी ऑफिसरांनी काकांना सही घेऊन एक स्टॉपवॉच दिलं. काकांनी ते पंचात गुंडाळून कपाटात ठेवलं. “सरकारी वस्तू आहे, वापरली तर बिघडेल.”

डिसेंबरातली ती सकाळ. धुकं नुकतंच उठत होतं. मी पुलियावर पोचलो, आणि सायकलची चेन पडली. चेनकडं वाकलो तोच आठचा भोंगा सुरू झाला. फाटक दोन फर्लांग पुढं. मी सायकल हातात धरून पळत सुटलो. तिसरा शेरा, आईचा चेहरा, देवापुढचा कागद, सगळं माझ्याबरोबर पळत होतं.

तीस सेकंद झाले असतील. भोंगा चालूच. पन्नास. चालूच. मला वाटलं, वा रे काका!

पण वाफेला काही शेजारधर्म नसतो. एवढा वेळ साखळी धरल्यावर वाफेचा जोर उतरला, आवाज बसायला लागला. काकांनी साखळी जरा सैल सोडली, जोर येऊ दिला आणि पुन्हा ओढली. पुन्हा आवाज बसला. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. म्हणजे भोंगा झाला वर, खाली, वर, खाली.

मी आयुष्यात इतकी माणसं एकदम नाहीशी होताना पाहिली नाहीत. पोहे-जिलबीचा ठेलेवाला झाऱ्यासकट गेला. प्राथमिक शाळेची प्रार्थना पहिल्या ओळीवर तुटली आणि हेडमास्तर मुलांच्या आधी खंदकात पोचले. बागेतल्या खंदकात गळक्या नळाचं पाणी साठलेलं होतं, त्यात सिक्युरिटी ऑफिसर कमरेपर्यंत उभे राहिले. ठाकूर फाटक तसंच सोडून नालीत आडवा झाला. आणि त्या उघड्या फाटकातून मी, पडलेली चेन खुळखुळवत, एकटाच आत गेलो आणि माझा हजेरीचा बिल्ला फळीवर अडकवला. बाकी फॅक्टरी त्या दिवशी उशिरा आली.

भोंगा थांबला. विमान काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट उरलीच नव्हती. सिक्युरिटी ऑफिसरांना सर्दी झाली होती आणि त्यांच्या मनात संशय आला होता. लढाईच्या दिवसांत हा माणूस ठरल्यापेक्षा जास्त भोंगा वाजवतो, खिडकीतून बाहेर बघत वाजवतो, तर तो इशारा कोणाला? काकांनी जबाब दिला, “साहब, साखळी अटकली थी.” साहेबांनी फिटर पाठवून साखळी तपासली. साखळीसारखी साखळी होती. काकांच्या पेन्शनला एक वर्ष उरलं होतं. आता नोकरी जाणार, कदाचित पोलिसांत देणार, असं कँटीनमध्ये बोलणं सुरू झालं.

मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झालो. सकाळी आईला म्हटलं, “मी साहेबांना खरं सांगून येतो. काकांनी माझ्यासाठी ओढला.”

आईनं देवापुढचा कागद उचलून घडी घातली. “जा,” ती म्हणाली. “डबा घेऊन जा.”

साहेबांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात पोचलो तर तिथं रांग. मी पेंटिंग शॉपच्या मिश्राजींना विचारलं, “रांग कशाची हो?”

“अरे भैया, परसों पंडितजी ने मेरे लिए खींचा था। वही बताने आया हूँ।”

“तुमच्यासाठी? तुम्ही कुठं होता?”

“नाली के उस पार। पान लगवा रहा था।”

पुढचे सरदारजी मागं वळले. “ओ मिश्रा, झूठ मत बोल. मेरे लिए खींचा. मेरी पगड़ी खुल गई थी.”

“चला, काहीतरीच!” त्यांच्या पुढचे आमचे हेडक्लार्क बापट म्हणाले. “माझं पाणी तापलं नव्हतं त्या दिवशी. टेंभेकरांना ते ठाऊक होतं.” पाणी तापलं नाही हे बॉयलरच्या खिडकीतून कसं दिसलं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्याही पुढं, सगळ्यात पहिला, मान खाली घालून उभा होता दरबान ठाकूर. तो कोणासाठी आला होता, कोण जाणे. फाटकातच उभ्या असलेल्या माणसाला उशीर कसा होणार? पण त्याचीही खात्री होती.

साहेबांनी एकेक करून सगळे जबाब लिहून घेतले. माझ्या नावावर पोचेस्तोवर त्यांनी लेखणी खाली ठेवली होती. त्या हिशेबानं तो एक भोंगा तेवीस माणसांसाठी वाजला होता. त्यांनी काकांना आत बोलावलं. आम्ही तेवीस जण दाराशी, खिडकीशी, जिथं फट मिळेल तिथं.

“पंडितजी,” साहेब थकून म्हणाले, “सच बताइए. इनमें से किसके लिए?”

काकांनी आमच्याकडं पाहिलं. मी जरा पुढं सरकलो. बाकीचे बावीसही सरकले.

“साहब, ऊपर से शकल नहीं दिखती,” काका म्हणाले. “कोई आ रहा है, बस इतना दिखता है।”

साहेबांनी रुमालात नाक शिंकरलं. ते सर्दीचंच असावं.

काकांची नोकरी राहिली. भोंगा गेला. त्यांना खाली अवजारांच्या स्टोअरमध्ये बसवलं आणि वर नवीन माणूस आला. तो घड्याळ बघून तीस सेकंद वाजवी. माझा तिसरा शेरा पडला नाही, कारण मी वेळेवर जायला लागलो. सगळेच लागले. वरून कोणी बघत नाही हे माहीत असलं की माणूस लवकर निघतो.

काकांनी तक्रार केली नाही. एकदाच, स्टोअरच्या खिडकीतून मला पाना देताना म्हणाले, “इथून रस्ता नाही दिसत रे.”

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या माडीचा जिना चढलो. सतरा वर्षं समोर राहत होतो, वर कधी गेलो नव्हतो. गॅलरीत चटई, किटली, दोन कप. तिथून आमची गल्ली पार सलूनपर्यंत दिसत होती, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस. काकांचा चहा अर्धा उरला होता आणि त्यावर साय धरली होती.

मला पाहून ते उठले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढं करून तो उपडा कप सुलटा केला आणि पंचाच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

“काका, खरं सांगा, हा कप कोणाचा?”

“तुझा,” ते म्हणाले. “थंड झाला असेल. गरम करू?”

“राहू द्या. घाई काहून?”

त्यांनी किटली कलती केली. चहा निवून गार झाला होता, त्यात साखर नव्हती, आणि बहुधा दुधातही काही गडबड होती.

मी तो पाऊण तास प्यालो.