छोटूने स्टूल आणलं

“प्रश्न विचारलास ना? मग तोंड मिटून बस!” नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी दिलेली ही ताकीद समाजसेविका बाईंच्या कानात अजून घुमत होती. गप्प बसण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्यांची खात्री होती!

छोटू म्हणजे चौतीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं टेकणारा गडी. समजायचं सगळं; शब्द मात्र मोजके, तेही सावकाश. आई गेल्यावर ताईने त्याची कायदेशीर पालक होण्यासाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला की छोटूचा प्रत्येक निर्णय ताईच्या हाती! त्याला स्वतःला काय हवंय, हे कोर्टाला कळवायचं काम बाईंचं. त्यासाठी त्या आज छोटूच्या घरी आल्या आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या.

“छोटू, निळी खुर्ची म्हणजे ‘मी ठरवीन’. तपकिरी म्हणजे ‘ताई ठरवेल’. हवी तिथे बस.” बाई गप्प झाल्या.

“त्याला निळा रंग आवडतच नाही!” ताई म्हणाली.

“ताई, त्याला ठरवू द्या.”

“मी कुठे काय बोलतेय!”

तेवढ्यात गुडघे धरत शेजारच्या मावशी आल्या आणि हुश्श करून निळ्या खुर्चीत विसावल्या.

“मावशी, उठा! तो निर्णय आहे!” बाई ओरडल्या.

“अगंबाई! मला तर खुर्ची वाटली!”

मावशींना उठवायला ताई धावली आणि तोल जाऊन तपकिरीत आदळली. झालं! दोन्ही निर्णय भरले! बाई तर उघड्या राहिलेल्या नळासारख्या सुरू झाल्या, “आधी तुम्ही उठा, नाही, आधी तुम्ही...”

छोटू उठला. सगळ्या गार! तो स्वयंपाकघरात गेला, स्टूल घेऊन आला, खोलीच्या मधोमध ठेवून बसला. मग हात लांबवून त्याने तपकिरी खुर्ची ताईसकट ओढली, थेट स्टुलाला टेकेपर्यंत.

“मी ठरवणार. ताई... समजावून सांगणार.”

ताई त्याच्याकडे वळली. “मला वाटलं, मी नसले तर...”

“आहेस,” छोटू म्हणाला.

बाईंचे हात आपसूक जोडले गेले. वीस वर्षं त्या जाडजूड पुस्तकांतून हेच शिकत होत्या. इथे एका स्टुलात आटोपलं! भारावून त्यांनी तिथेच अहवाल लिहिला आणि वाचला, “सदर व्यक्तीची निर्णयक्षमता साहाय्यसापेक्ष असल्याचे निदर्शनास येते.”

“परत,” छोटू म्हणाला.

त्यांनी परत वाचलं.

“परत.”

“अरे, आता मलाही कळेना!”

“सोपं लिहा. आधी मला वाचा. मग कोर्ट.”

“शब्द दिला. उद्या आणते.”

“आज.”

बाई हळूच बाहेर आल्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि न कळणारा एकेक शब्द खोडू लागल्या. राहिला फक्त पूर्णविराम!