गणपाभाऊंची छत्री आणि कार्ल्यातलं रोम

हातातलं काम ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! आमच्या शेजारचे गणपाभाऊ ताकाचा वास घेतात. पितळी पेला तीनदा गोल फिरवतात, नाक आत घालतात, थेंबभर जिभेवर घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "कोवळं हाय. दोन वर्सं मुरू द्या."

"दोन वर्सं ताक ठिवलं तर म्हस सुदिक घर सोडंल!" आतून भाऊंची बायको, आमच्या काकी.

भाऊ दुसऱ्या महायुद्धात लढायला इटलीला होते. सुट्टीत पलटणीतल्या वीस जणांना एका गाइडबाईनं रोम दाखवलं. द्राक्षांची दारू कशी चाखायची, तेही तिनंच शिकवलं. लढाई संपली, भाऊ कामशेतला गाडीतून उतरले, पण ती सहल काही संपली नाही. चांगलं दिसेल त्याला "बेल्ला!" म्हणायचं. म्हणजे तिकडच्या भाषेत सुंदर. पाटलांची म्हैस बेल्ला, बैलगाडीचं नवं चाक बेल्ला. काकींना मात्र अजून एकदाही म्हणाले नाहीत, आणि त्यावरून घरात जी लढाई होते ती वेगळीच!

मागच्या महिन्यात भाऊंनी जाहीर केलं, "समद्यांनी कार्ल्याला चला. गाइड मी."

"दरसाल देवीला जातोय की," माझे आजोबा म्हणाले.

"देवीला जाता, आबा. शेजारचं लेणं कंदी डोळं भरून बघितलं का?"

लोक हसले. पण भाऊंना एकाच माणसाचा होकार हवा होता, पारूमावशींचा. त्यांचा मुलगा शिरपती भाऊंच्याच पलटणीत. तो तिकडेच लढाईत पडला, आणि तेव्हापासून मावशींनी उंबरा ओलांडला नव्हता. भाऊ चार दिवस त्यांच्या दारात जाऊन बसले. पाचव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "माज्या शिरपानं तितं काय बघितलं त्ये दावनार आसशील, तर येते."

झालं! दोन बैलगाड्या, नऊ माणसं. पायथ्याशी भाऊंनी काकींचं लाल खणाचं कापड छत्रीला बांधलं आणि छत्री उंच धरली. "माज्या छत्रीमागं! छत्री सुटली की मानूस हरावला!" दर शंभर पायऱ्यांना मोजणी. दरवेळी एक जास्त! शेवटी कळलं, एक शेळी मागून येत होती आणि भाऊ तिलाही माहिती सांगत होते.

लेण्यात शिरल्यावर तर विचारूच नका. "खांब बघा! रोमच्या देवळात आस्सेच, दोन्हीकडं रांगेनं! आन वरच्या त्या लाकडी कमानी! बेल्ला!"

"आरं, मान मोडली माजी," आबा म्हणाले. "खाली बघायचं काय हाय का न्हाई?"

मावशींनी एका खांबावर हात ठेवला. "शिरपानं आसलंच बघितलं?"

"व्हय, मावशी. माज्या शेजारीच हुबा हुता. त्वांड उघडं टाकून बघत ऱ्हायला."

"ल्हानपनापासनं त्वांड उघडंच त्येचं," मावशी म्हणाल्या, आणि हसल्या! मग कितीतरी वेळ वर बघत राहिल्या.

उतरताना भाऊंनी छत्री मिटली. मोजणी नाही, काही नाही. बऱ्याच पायऱ्यांनंतर मला हळूच म्हणाले, "शिरपा आत आलाच न्हवता रं. देवळात जायाचं म्हनून आमी समद्यांनी दारात बूट काडलं. गाइडबाई नको नको म्हनत हुती, तितं बूट घालूनच जात्यात. सरकारी बूट, कुनीतरी संबाळाय पायजे. शिरपा म्हनला, 'तुमी जावा. मी फुडल्या येळी बघतो.'"

मागून मावशींचा आवाज येत होता. शिरपानं काय काय पाहिलं, ते त्या आबांना सांगत होत्या.

मी भाऊंकडे बघूच शकलो नाही. ज्याला वर्षभर हसलात, त्याच्या मिटलेल्या छत्रीमागं आपणहून चालायची वेळ तुमच्यावर आलीय का हो कधी?